बाजूचा ब्रेक

मी आयुष्यभर लोकांना गाडी चालवायला शिकवलं. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. शिकणारा गडबडला की तो आपण दाबायचा. माझ्या त्या एका पायामुळे कितीतरी लोक धडधाकट घरी पोचले, आणि कुणी विचारो न विचारो, मी हे सांगतोच. गृहभेटीच्या ताईंनाही पहिल्याच दिवशी सांगितलं. सांगितलं नसतं तर बरं झालं असतं, असं पुढे बरेच दिवस वाटलं.

ताई सरकारी बालसंगोपन केंद्रातून यायच्या. केंद्र आमच्याच रस्त्यावर, कोपऱ्यावरच्या बैठ्या इमारतीत. पुढच्या खोल्यांत कामावर जाणाऱ्यांची लहान मुलं दिवसभर सांभाळतात, आणि मागे एक खोली आहे तिथे बाळंतिणी बाळांना घेऊन बसतात. ज्या येऊ शकत नाहीत त्यांच्या घरी दर आठवड्याला ताई जातात. आमचं नाव दवाखान्यातून त्यांच्याकडे गेलं होतं, माझ्या सुनेसाठी.

सून आमची मुळात बोलघेवडी. लग्न होऊन आली तेव्हा माझ्या कडक शिस्तीची नक्कल मलाच करून दाखवायची. बाळंतपणानंतर मात्र ती जणू घरात नव्हतीच. पलंगाच्या कडेला भिंतीकडे तोंड करून बसायची. केस विंचरायचं भान नाही, जेवणाकडे लक्ष नाही. बाळाला दूध पाजायची, पण पाजून झालं की दोन्ही हातांनी ते पुढे धरायची आणि म्हणायची, "बाबा, घ्या." उसनी आणलेली वस्तू परत करावी तसं. केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की हा आजार आहे, हट्ट नाही, आणि गोळ्या सुरू केल्या. त्यांचा गुण यायला वेळ लागेल, असंही म्हणाल्या.

मी घेत होतो. नात कसली, नुसता आवाज होता तो. जुन्या गाडीच्या रबरी भोंग्यासारखी ओरडायची, म्हणून मी तिचं नाव भोंपू ठेवलं. पण माझ्या खांद्यावर आली की गप्प. बापाच्या हातात नाही, शेजारणीच्या हातात नाही, फक्त माझ्या. माझी बायको गेल्यापासून मी घरात जास्तीच्या खुर्चीसारखा पडून होतो, आणि आता सगळं घर माझ्या खांद्याची वाट बघत होतं. मी सुखावलो होतो, खोटं कशाला बोलू? भोंपूने नुसता श्वास ओढला तरी मी हातातला चहा टाकून उठायचो.

ताई पहिल्यांदा आल्या तेव्हा मी मोठ्या कौतुकाने भोंपूला त्यांच्यापुढे केलं. त्यांनी घेतलं नाही. हसून म्हणाल्या की आमच्या कामाचा नियम आहे, आम्ही कुणाच्याही घरी बाळ उचलत नाही. मग सुनेजवळ जमिनीवर बसल्या आणि हात मांडीत ठेवले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. बालसंगोपनाचा पगार घ्यायचा आणि बाळाला हात लावायचा नाही! पुढच्या खेपेलाही तेच. भोंपूने घर डोक्यावर घेतलं, तरी बाईंचे हात मांडीत. त्या सुनेला हळू आवाजात विचारायच्या, काय हवं असेल हो हिला? सून मान हलवायची. तिने हात पुढे करायच्या आधीच मी बाळ उचललेलं असायचं. ताई नुसत्या माझ्याकडे बघायच्या.

एके दिवशी आमचे चिरंजीव गोदामातल्या पाळीवरून आले आणि ताटावर बसून, मान वर न करता बोलले. थोरलीशी बोलणं झालं होतं. थोरली म्हणजे माझी मुलगी. लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. ती भोंपूला घेऊन जायला तयार होती. सूनबाई बरी होईपर्यंत, असं तो म्हणाला. त्याच्यावर तरी का चिडू? रात्रपाळी करून त्याचे डोळे खोल गेले होते. पण माझी मुलगी मला माहीत आहे. एकदा कुशीत घेतलेलं मूल परत आणून देण्याचं बळ तिच्यात नव्हतं, आणि परत मागायचं सुनेत नव्हतं. येत्या रविवारी न्यायचं ठरलं. सून तिथेच बसली होती. ती एवढंच म्हणाली, "तिकडे बरी राहील ती. मला नाही जमत."

ताई आल्या तेव्हा मी त्यांना जिन्यातच गाठलं. तुमच्या भेटींचा काय उपयोग झाला, असं तडकून विचारलं. हात न लावता मुलं सांभाळली जात असती तर मी घरात बसून गाड्या शिकवल्या असत्या, असंही सुनावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, याचाच मला जास्त राग आला.

मग त्या म्हणाल्या, "काका, तुमच्या त्या बाजूच्या ब्रेकवरून एक विचारू? पाय कधी काढता तुम्ही?"

मी म्हटलं, शिकणाऱ्याला जमायला लागलं की.

"आणि काढलाच नाही तर?"

याचं उत्तर मला पाठ होतं. असे शिकाऊ मी पाहिले होते. बाजूचा माणूस ब्रेक लावेल या भरवशावर महिनोन्महिने शिकत राहतात आणि एकटे कधीच बाहेर पडत नाहीत. लोक त्यांना ठोंब्या म्हणतात. ठोंब्या ते नसतात, त्यांचा मास्तर असतो. हे मी दुसऱ्या मास्तरांना तोंडावर सांगितलेलं आहे. जिन्यात उभा राहून मात्र मी कठड्यावरची धूळ पुसत राहिलो.

ताईंनी मला तासभर घराबाहेर जायला सांगितलं. त्या स्वतः सुनेजवळ बसणार होत्या, तिला क्षणभरही एकटं सोडणार नव्हत्या. बाळ कितीही रडलं तरी मी वर यायचं नाही. "तिला रोज दिसतं, की आपल्याशिवाय बाळाचं काही अडत नाही. तुमचा हात आधी पोचतो, काका. तिचा पोचतच नाही."

मी भोंपूला सुनेशेजारी गादीवर ठेवलं आणि खाली उतरलो. समोरच्या फुटपाथवर, किल्ल्या बनवणाऱ्याच्या टपरीशी उभा राहिलो. खिडकी उघडीच होती. थोड्याच वेळात भोंपू सुरू झाली. आधी नेहमीसारखी, मग चढत गेली, मग मधेच श्वास अडकल्यासारखी थांबून पुन्हा. किल्लीवाल्याने यंत्र बंद करून वर पाहिलं आणि म्हणाला, आजोबा, तुमचंच ना ते? मी हो म्हटलं. त्याने पुन्हा माझ्याकडे असं पाहिलं, की मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. दोनदा रस्ता ओलांडून जिन्यापर्यंत गेलो आणि कठडा धरून उभा राहिलो. गर्दीच्या चौकात नवा माणूस गाडी चालवत असताना जो पाय मी ब्रेकवरून कधी हलू दिला नव्हता, तोच आता मुठी आवळून मागे खेचत होतो असं म्हणा.

मग रडणं थांबलं. एकदम नाही, हुंदके देत देत, मधेच पुन्हा चढून, मग विझलं. मला वाटलं, ताईंनी उचलली. नियम मोडावाच लागला शेवटी. मनातल्या मनात मी जिंकलो, आणि त्या जिंकण्याने जीव आणखीच खचला.

वर गेलो. ताई दाराजवळ बसलेल्या, हात मांडीत, डोळे लाल. गादीवर सून बसली होती. भोंपू तिच्या छातीशी, चुकीच्याच पद्धतीने धरलेली. मान नीट टेकलेली नाही, एक पाय लोंबतोय. सून रडत होती आणि सोबत पुढेमागे झुलत होती. मी मान सावरायला पुढे झालो. ताईंनी नुसती नजर वर केली. तेवढ्यात सुनेनेच हात सरकवून मान सावरली. मी स्वयंपाकघरात गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो.

मग मी रोज काही वेळ फुटपाथवर काढू लागलो. रविवार येईपर्यंत ताई जास्तीच्या खेपा घालत होत्या; त्या नसल्या तर घरी चिरंजीव असायचे. एकदोनदा सुनेने पुन्हा "बाबा, घ्या" म्हटलं, आणि मी घेतलंही. सगळं काही एका दिवसात बदलत नाही, आजारही नाही.

रविवारी थोरली आली. गाडीत तिने नवी पाळणाखुर्ची बांधून आणली होती, छोटी झबली धुऊन घडी घालून. तिने भोंपूला उचललं, आणि भोंपूने भोंगा फुंकला. थोरलीने बरेच प्रयत्न केले, मग सवयीप्रमाणे माझ्यापुढे धरली. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. माझे हात आपोआप वर आले होते. मी ते मागे नेले आणि पाठीशी एकमेकांत घट्ट धरले.

"माझ्याकडे नको," मी म्हणालो. "तिच्या आईकडे दे."

सूनच उठली. तिने नणंदेच्या हातून मुलगी घेतली, पण भोंपू गप्प झाली नाही. किती वेळ रडली! चिरंजीव मला म्हणाले, बाबा, घ्या ना. मी बोटं सोडली नाहीत. सून येरझाऱ्या घालत राहिली, काहीतरी पुटपुटत, आणि हळूहळू ते रडणं तिच्या खांद्यावर निवलं. मग ती थोरलीकडे वळून म्हणाली, "ताई, राहू दे तिला इथे. मला अजून नीट जमत नाही. पण राहू दे."

थोरलीने मान डोलावली. झबली ठेवून गेली. रिकामी पाळणाखुर्ची मागच्या सीटवर तशीच होती, आणि गाडी वळेपर्यंत तिने मागे पाहिलं नाही. त्या दिवशी मी एका लेकीसाठी दुसऱ्या लेकीचं मन मोडलं. ते मला रोज खुपतं, आणि खुपायलाच हवं.

आता सून बाळाला घेऊन स्वतः केंद्रात जाते. परवा सकाळी ती माझ्यासमोर आली, दोन्ही हातांनी भोंपूला पुढे धरून. माझ्या काळजात चर्र झालं.

"बाबा, जरा घ्या. अंघोळ करून येते," ती म्हणाली. "मग द्या परत."

मी खांद्यावर घेतली. भोंपू रडायला लागली. मी थोपटलं, फिरवलं, खिडकीशी नेलं, भोंग्याचा आवाज काढला. जे जे चालत आलं होतं ते सगळं केलं. ती माझ्या खांद्यावरून मागे वळून बाथरूमच्या दाराकडे बघत रडत राहिली. आतून सून ओरडली, आले गं, आले. मी म्हणालो, सावकाश होऊ दे. पण ती ओले केस घेऊनच बाहेर आली आणि तिने मुलगी घेतली. रडणं लगेच थांबलं.

मी खुर्चीत बसलो. हात कुठे ठेवावेत ते सुचेना, म्हणून मांडीत ठेवले.