भिंगरीचा ब्रेक

आमच्या घरात रागीट मी एकटीच, असं सगळे म्हणतात. साफ खोटं आहे. माझे सासरे माझ्या दुप्पट रागीट, पण ते बोलत नाहीत आणि मी बोलते, म्हणून नाव माझं खराब. सुतार माणूस. तोंडात खिळे धरून दिवसभर काम करायची सवय, त्यामुळे तोंड बंदच. त्यांची लेक म्हणजे माझी नणंद. तिला राग नाही, लोभ नाही, तिला फक्त वेग माहीत. लहानपणी स्वतःभोवती गरागरा फिरायची म्हणून 'भिंगरी' नाव पडलं ते आजतागायत. आता ती बेकरीची व्हॅन चालवते. बाबा, म्हणजे माझे सासरे, त्या व्हॅनमध्ये एकदाच बसले. उतरल्यावर दाराला धरून जरा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "परत नाही."

तर ही भिंगरी घरी आली की कम्प्युटरवर शर्यतीच्या गाड्या चालवायची. "खेळते म्हणू नकोस वहिनी, चालवते म्हण," असं मला बजावायची. गाडी पडद्यावरची, पण रस्त्याचा खड्डान् खड्डा खऱ्यासारखा, टायर झिजणार, पेट्रोल संपणार, सगळं खरं. खोटं एकच, तिच्या हातातली बटणं. बटणांनी कुणी गाडी चालवतं का? एके दिवशी तिनं माझ्यापुढे फोन धरला. बाजारातल्या स्टिअरिंगचा फोटो होता आणि खाली किंमत. मी म्हटलं, "हे तुला परवडणार नाही आणि मला तर नाहीच." ती म्हणाली, "विकत कुठे मागतेय? तू बनव."

"वेडी झालीस का? मी शिलाई मशीन दुरुस्त करते, मिक्सर दुरुस्त करते. माझा नि शर्यतीचा संबंध काय?"

असं मी सकाळी म्हटलं आणि संध्याकाळी भंगारवाल्याकडे जुन्या गाडीच्या स्टिअरिंगसाठी हुज्जत घालत उभी होते. माझं हे असंच आहे.

स्टिअरिंगला कारखान्यांत असते तसल्या शिलाई मशीनची मोटर लावली, मध्ये दातेरी पट्टा. वळणावर टायरला जितका जोर बसेल तितका हाताला कळला पाहिजे, ते काम मोटरचं. गिअरच्या पट्ट्यांना कपाटाच्या दाराचे चुंबक लावले, टक् टक् असा झकास आवाज यायला लागला. पहिल्याच चाचणीत मी मोटरच्या वायरी उलट्या जोडल्या होत्या. स्टिअरिंग मध्यावर यायचं सोडून असं काही फिरलं, की भिंगरीनं दोन्ही हात वर करून किंकाळी फोडली. पाठोपाठ मी हसत सुटले आणि मग तीही.

राहिला ब्रेक. चांगला ब्रेक पेडल किती खाली गेलं ते मोजत नाही, पाय किती जोरानं दाबतोय ते मोजतो. म्हणजे वजन मोजणारा सेन्सर हवा. घरात तो एकाच वस्तूत होता, बाबांच्या वजनकाट्यात. बाबा रोज सकाळी आंघोळीच्या आधी त्यावर उभे राहत. मी तो उघडला, आतला सेन्सर काढला आणि काटा पुन्हा होता तसा ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी बाबांचं वजन शून्य भरलं. ते बाहेर आले, पेडलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तेव्हापासून आमच्या देखत त्यांनी भिंगरीच्या खोलीत पाऊल टाकलं नाही. तिच्या खोलीवरून जाताना "खेळणं" एवढा एकच शब्द पुटपुटायचे. मला वाटतं, काट्यापेक्षा त्यांना दुसरंच खुपत होतं. मोठी झालेली लेक खोलीत बसून हे काय करते, ते त्यांना कळत नव्हतं आणि विचारायचं कसं तेही.

पेडलची पाटी मात्र त्यांच्याच दुकानातल्या प्लायवूडची होती. मी न विचारता आणली होती. तिला खाच पाडली ती माझ्या हातानं, म्हणजे ओबडधोबड. पेडल अगदी तळाशी गेलं की त्याचा लोखंडी दांडा खाचेच्या कडेला घासायचा. कर्र आवाज यायचा. चालतंय ना, मग असू दे, असं आम्ही दोघींनी ठरवून टाकलं.

मग सुरू झालं सेटअपचं वेड. सेटअप म्हणजे गाडीची मांडणी. टायरमध्ये हवा किती, मागचा पंख किती उभा, ब्रेकचा जोर किती आणि त्यातला पुढच्या चाकांना किती. भिंगरी एक वळण घेऊन यायची आणि म्हणायची, "थांबत नाहीये गं." ब्रेकचा जोर वाढव. पुन्हा फेरी. "अजून नाही थांबत." अजून वाढव. असं करत करत आम्ही तो पार टोकाला नेला, आणि मग गाडी अशी काही वळायला लागली की बघत राहावं! ती वळणात शिरायची तेव्हा माझा पाय जमिनीवर आपोआप दाबला जायचा.

आणि मग ती स्पर्धा आली. एका खऱ्या रेसिंग टीमनं भरवलेली. अंतिम शर्यतीतल्या पहिल्या तिघांना टीमच्या कारखान्यात बोलावणार आणि तिथल्या सिम्युलेटरवर, म्हणजे अशाच पडद्यावरच्या गाडीवर, चाचणी घेणार. पास झालं तर तीच नोकरी: टीमच्या गाडीची मांडणी दिवसभर चालवून बघायची. म्हणजे जे ती आत्ता हौसेनं करते तेच! वयाची अट अशी, की पुढच्या वर्षी भिंगरी त्यात बसणार नव्हती. हीच वेळ, नाहीतर जन्मभर पावांचे ट्रे.

शनिवारच्या पात्रता फेरीत ती चौथी आली! मी उड्या मारल्या, तिनं मला उचलून फिरवलं. नियम असा, की पात्रता फेरी झाली की सेटअपला कुलूप. गाडीची मांडणी नाही बदलायची, पेडलची मापं नाही बदलायची. आणि रविवारी स्पर्धेच्या सर्व्हरला एकदा जोडलं, की मधे कशाचाही प्लग काढला तर बाद. आम्हाला काय, बदलायचंच नव्हतं काही.

रविवारी दुपारी सरावाच्या फेऱ्या सुरू झाल्या. पहिलं वळण आलं. भिंगरीनं ब्रेक दाबला आणि गाडीची चारही चाकं जागच्या जागी गच्च! धूर, गिरकी, भिंतीवर धाड.

"पाय जोरात पडला असेल," मी म्हटलं.

दुसरी फेरी. पुन्हा धाड. तिसऱ्यांदा तिनं जपून दाबला, तर गाडी इतकी आधी थांबली की मागून सगळे निघून गेले. भिंगरीचा चेहरा पांढराफटक पडला. माझी तर पाचावर धारण बसली. मी पडद्याच्या कोपऱ्यातली ब्रेकची पट्टी बघितली. ती रोज वरून चार बोटं खाली अडायची. आज सरळ माथ्याला जाऊन टेकत होती.

"सेन्सर बिघडला का गं वहिनी?"

मी टेबलाखाली शिरले. वायरी ठीक, सेन्सर ठीक. पेडल हातानं दाबून बघितलं. कसं लोण्यासारखं गेलं खाली. कर्र नाही, काही नाही. खाचेच्या कडेवरून बोट फिरवलं, तर कड गुळगुळीत. गोलाई दिलेली. वर मेण चोळलेलं.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि त्याच्या मागोमाग राग.

"बाबा!"

ते दारात आले. खोलीत नाही, दारात.

"या पेडलला हात कुणी लावला?"

"मी," बाबा म्हणाले. "सकाळी. रंधा मारला जरा. घासत होतं."

"अहो, घासत होतं म्हणून तर चालत होतं!" मी ओरडलेच. "पायाचा थोडा जोर ते लाकूड खात होतं! आम्हाला वाटलं गाडीच थांबत नाही, म्हणून आम्ही गाडीचा ब्रेक टोकाला नेलाय. आता लाकूड काही खात नाही आणि मांडणी बदलता येत नाही! तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

बाबांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "कुणी नाही," ते म्हणाले. "आज तिचं मोठं काम आहे म्हणाला होतात तुम्ही. म्हटलं, पोरीचं काही अडायला नको."

इतके दिवस 'खेळणं' म्हणणारा माणूस, सकाळी लेकीच्या आधी उठून, तिच्या पेडलला मेण चोळत बसला होता. पण रडायला वेळ कुणाला होता? शर्यत सुरू व्हायला आली होती.

भिंगरी खुर्चीतून हलली नाही. मान वळवून म्हणाली, "बाबा, काढलंय तेवढं परत घालता येईल?"

आणि बाबा आमच्यासमोर खोलीत आले! दुकानात गेले कधी, पाचर तासून आणली कधी, मला कळलंसुद्धा नाही. टेबलाखाली आडवे होत त्यांनी ती लाकडी पाचर दांडा आणि कड यांच्या मधे सरकवली.

"दाब," ते म्हणाले. भिंगरीनं दाबलं. मी पट्टीवर नजर ठेवून ओरडत होते, "अजून! अजून आत! थोडं मागे! बास! बास, तिथंच!"

पट्टी रोजच्या जागी अडली. कर्र! तो आवाज ऐकून मला इतका आनंद झाला, काय सांगू! पण भिंगरीनं पाय उचलला आणि पाचर टपकन खाली पडली.

"स्क्रू मारा!"

"फाटेल. बारीक आहे."

"डिंक लावा!"

"वाळणार कधी?" बाबांनी पाचर उचलली, पुन्हा बसवली, आणि दोन्ही हातांनी धरून तिथंच पडून राहिले. "चालव तू."

"अहो, बोटं चेमटतील!"

"सूनबाई, दिवे बघ," ते म्हणाले. पडद्यावर लाल दिवे एकेक करून लागत होते.

दिवे विझले! भिंगरी सुटली. पहिलं वळण, कर्र, आणि गाडी कशी रुळावरून गेल्यासारखी आत शिरली. मी टाळ्या पिटल्या. अर्धा तास शर्यत होती आणि अर्धा तास मी एका जागी उभी नव्हते. एकदा पडद्यापुढे, एकदा टेबलाखाली. खाली बाबा डोळे मिटून, कुशीवर, पाचर धरून. त्यांना काही दिसत नव्हतं, म्हणून मी सगळं ओरडून सांगत होते. "पाचवी झाली, बाबा! एकानं मागून ठोकलं! परत चौथी! पुढे लाल गाडी आहे, अगदी नाकासमोर!" ते दर वळणाला फक्त "हं" म्हणत. मधेच एकदा "आई गं" म्हणाले, तेव्हा मला समजलं की अंगठा सापडला. पण हात काढला नाही त्यांनी.

शेवटची फेरी. लाल गाडी तिसरी, आमची चौथी. लाल गाडीवाला काही केल्या वाट देईना. शेवटचं वळण आलं, लाल गाडीनं ब्रेक मारला, आणि आमची बया काही मारेना!

"भिंगरे, ब्रेक!" मी किंचाळले.

"बाबा, धरा!" ती ओरडली.

"धरलंय! दाब तू!"

तिनं दाबला. अख्खं टेबल हाललं. गाडी आतल्या बाजूनं लाल गाडीला खेटून घुसली, मागचं चाक जरा सुटलं, तिनं सावरलं, आणि रेषा ओलांडली. तिसरी! माझी भिंगरी तिसरी! मी काय ओरडले ते मला आठवत नाही. शेजारचे खिडकीत आले होते एवढं खरं.

टेबलाखालून आवाज आला, "कितवी?"

भिंगरी खुर्चीवरून उतरली आणि रांगत खाली गेली. "तिसरी, बाबा. बोलावणार मला." बाबांना उठता येईना, पाठ धरली होती. अंगठा काळानिळा झाला होता. पाचर मात्र अजून त्यांच्या मुठीत. भिंगरी त्यांच्या शेजारी तशीच जमिनीवर आडवी झाली, त्यांचा अंगठा स्वतःच्या हातात घेऊन.

मग बाबांनी विचारलं, "तिकडच्या लोकांचं पेडल कसं असतं गं?"

"चांगलं असतं. नवंकोरं. कुठे घासत नाही."

बाबा विचारात पडले. "मग तुला सवय कशी व्हायची त्याची? मी येऊ का बरोबर?"

भिंगरी हसायला लागली, डोळे पुसत. "लांब आहे, बाबा. व्हॅननं जावं लागेल. माझ्या."

बाबांनी टेबलाखालूनच माझ्याकडे बघितलं. मी तोंडाला पदर लावून उभी होते.

"बसेन," ते म्हणाले.