बिनगिलाव्याचं अंग

मी बस-स्टँड बोलतोय. तुम्ही ज्याला 'खोकं' म्हणता ना, तोच. इतकी वर्षं ऐकून घेतलं. आता पाडायचं मशीन दारात येऊन ठेपलंय, तेव्हा दोन शब्द बोलू द्या.

माझा जन्म फळ्यांत झाला. एका सुताराने फळ्या ठोकून साचा केला, आत काँक्रीट ओतलं. फळ्या काढल्या, तर लाकडाच्या रेषा, गाठी सगळ्या माझ्या अंगावर उमटलेल्या. गिलावा करायचाच नाही, असं आधीच ठरलेलं. जसं आहे तसं दिसू दे. लोक म्हणाले, "अर्धवटच सोडलाय की हो!" म्हणा बापडे.

माझ्या जागेवर आधी कमानींची मंडई होती. तीही अशीच पाडली. जुनाट आहे, कुबट आहे, काढा एकदाची! आज तिचेच फोटो घरोघरी टांगलेत. तिच्यासाठी उसासे टाकणारेच माझ्यावर घण घालायला निघालेत. मेल्याशिवाय तुम्हाला कुणी आवडतच नाही का रे?

उन्हाळ्यात मी तापतो, कबूल. जिनेही उंच पडतात म्हाताऱ्यांना. पण छप्पर गळतं म्हणता, तर पन्हाळीतला पाला काढायला कुणी कधी शिडी लावली? कोपऱ्यात थुंकायचं तुम्ही, आणि घाणेरडा मी!

परवा त्या सुताराची लेक आली. तीही आता आजी झालीय. खांबावरच्या एका गाठीवर तळवा टेकून उभी राहिली. नगरपालिकेची इंजिनिअर पोरगी जवळ आली. पोर वाईट नाही.

"आजी, खांबाचा एवढा तुकडा ठेवणार आहोत आम्ही. बागेत. वर पाटीसुद्धा लावू."

"आणि उद्या तुझा बाप गेला, तर त्याचा दात डबीत ठेवशील होय गं?"

पोरगी हसली, मग तिचं हसू विरलं. "माझ्या हातात काही नाही हो."

"हो ना. ज्याला विचारावं तो हेच सांगतो. मग पाडतंय तरी कोण?"

आजीने पदराने ती गाठ पुसली आणि गेली.

मला सुंदर म्हणा, असं नाही म्हणत मी. फक्त उभा राहू द्या. मला नावं ठेवायची तर ती तुमच्या नातवंडांना ठेवू द्या, पण डोळ्यांनी बघून.

आज दुपारी ऊन फार झालं. मशीनवाल्याने मशीन माझ्याच छपराखाली आणून लावलं, खांबाला पाठ टेकली आणि डबा उघडला.

जेव बाबा, सावकाश जेव. उद्या सावली कुठे शोधशील?