चौतीस जणींचं पाकीट

"साहेब, तुमच्या कचेरीनं चौतीस निराधार बायकांची तोंडं गिळली आणि वर ढेकरसुद्धा दिला नाही. आमच्या मंडळानं फुकट काढलेले फोटो मी स्वतः, माझ्या हातानं, पाकिटात घालून तुमच्या आवक-टेबलावर ठेवले होते. ते गेले कुठं? उंदरांनी खाल्ले म्हणणार असाल, तर तुमच्या कचेरीतल्या उंदरांना पाय किती असतात तेही कळवा."

हे पत्र गुरुसिद्धनं लिहिलं. १९९७ च्या मार्चअखेरीला एका सायंदैनिकानं ते चौकट करून छापलं, आणि मंगळवार पेठेतल्या चहाच्या गाड्यांवर लोकांनी ते एकमेकांना मोठ्यानं वाचून दाखवलं. उंदरांच्या पायांवर तर लोक खूश झाले. गुरुसिद्ध सायकलवरून निघाला की कुणीतरी हाळी द्यायचं, "अण्णा, उंदीर घावला का न्हाय?"

पत्रात एकच गोष्ट खोटी होती. पाकीट नव्हतंच.

गुरुसिद्ध शिरोली एमआयडीसीत टर्नर. मूळचा जयसिंगपूरकडचा; घरात आईशी कानडी, दाराबाहेर कोल्हापुरी. शाळा दहावीत सुटली, पण लिहायला बसला की भल्याभल्यांना घाम फोडायचा. फोटो काढणंही तो कुणाच्या पायाशी बसून शिकला नव्हता. जुन्या बाजारातून एक रशियन कॅमेरा उचलला, वीसेक रोल वाया घालवले आणि शिकला. पुढं हौशी छायाचित्रकारांच्या मंडळाचा सेक्रेटरी झाला. मंडळ म्हणजे पंधरा-सोळा माणसं. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी एका शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात जमायची. अध्यक्ष बाळासो सर, त्याच शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे मास्तर.

मंडळाला एक नियम होता आणि तो गुरुसिद्धनंच घातलेला. आधी निगेटिव्ह टेबलावर, मग फोटो. एक बरा फोटो मिरवायचा आणि पस्तीस फसलेले घरी लपवायचे, हे चालणार नाही. अख्खी पट्टी खिडकीच्या उजेडाला धरायची आणि चुका सगळ्यांनी बघायच्या. नवी माणसं या नियमाला टरकून असायची. गुरुसिद्धला ते आवडायचं.

जानेवारीत मल्लेश सापडला. मल्लेश धान्याच्या दुकानात कामाला, स्वभावानं मऊ. मंडळाची सहल पन्हाळ्याला गेली तेव्हा त्यानं रोल भरला, पण फिल्मचं टोक उजवीकडच्या चाकात अडकलंच नाही. असं झालं की लिव्हर फिरते, आकडा पुढं जातो, खटका वाजतो, आणि फिल्म मात्र जागची हलत नाही. माणूस छत्तीस फोटो काढतो आणि छत्तीसही वाऱ्यावर जातात. रोल धुतला की हातात नुसती काचेसारखी कोरी पट्टी. ते टाळायला फार अक्कल लागत नाही. लिव्हर ओढताना डावीकडची गुंडी फिरतीय का, एवढं बघायचं.

गुरुसिद्धनं ती पट्टी वर्गाच्या दाराला तोरणासारखी बांधली आणि खाली चिठ्ठी लावली, 'पन्हाळ्याचा वारा. छायाचित्र: मल्लेश'. माणसं पोट धरून हसली. मल्लेशही हसला, पण त्या दिवशी त्यानं बैठकीतल्या भज्यांना हात लावला नाही. तोरण पुढच्या बैठकीलाही तसंच होतं. काढू का, असं मल्लेशनं विचारलं तेव्हा गुरुसिद्ध म्हणाला, राहू दे, नव्यांना धडा.

फेब्रुवारीत मंडळानं पहिल्यांदाच जगाच्या उपयोगाचं काम अंगावर घेतलं. माळवाडीच्या निराधार बायकांना सरकारी पगार, म्हणजे महिन्याचं अनुदान, सुरू व्हायचा होता, त्याच्या अर्जाला फोटो पाहिजे होता. स्टुडिओपर्यंत येणं त्यांच्यानं होणारं नव्हतं. तेव्हा एका रविवारी मंडळच तिकडं गेलं. शाळेच्या व्हरांड्यात खुर्ची, मागं पांढरी चादर. कचेरीतनं आलेला कारकून तिथंच अर्ज भरून अंगठे घेत होता. फोटो गुरुवारपर्यंत कचेरीत आणून द्या म्हणाला. हात स्थिर म्हणून फोटो गुरुसिद्धनं काढायचे ठरलं.

रोल भरायला त्यानं कॅमेरा उघडला आणि त्याचं लक्ष अंगणात गेलं. कारकुनानं सगळ्या बायका उन्हात बसवल्या होत्या, सकाळी आठपासून. गुरुसिद्धचं डोकं फिरलं. "बायका काय वाळवण हाय व्हय रे, उन्हात पसरायला?" तो बोलत सुटला. मंडळाची माणसं हसली, बायकाही पदर तोंडाला लावून हसल्या, कारकुनानं मान कागदात घातली. त्या भरात गुरुसिद्धनं फिल्म घातली, झाकण थाडकन लावलं आणि कामाला लागला. गुंडी बघितली नाही. सगळं ध्यान स्वतःच्या तोंडाकडं होतं.

चौतीस बायका झाल्या. शेवटाकडं शालूबाई बसली. साठीची, उभ्या जन्मात कधी फोटो न काढलेली. शेजारणीचं इरकल नेसून आली होती. हसू का नको, असं तिनं विचारलं. जशी हायस तशी बस आक्का, असं त्यानं सांगितलं आणि खटका दाबला.

त्याच दुपारी न्हाणीघराच्या खिडकीला घोंगडं लावून त्यानं रोल धुतला. डब्यातनं पट्टी बाहेर काढली. कडेचे आकडे तेवढे ठळक, एकपासून छत्तीसपर्यंत. बाकी नितळ. आरपार समोरची भिंत दिसत होती. तो पालथ्या बादलीवर बसला आणि बराच वेळ उठला नाही. बाहेरनं आईनं विचारलं, एनायतो? काय झालं रे? तो म्हणाला, एनिल्ला अव्वा. काही नाही.

उपाय सोपा होता. सोमवारी अर्धी रजा टाकायची, माळवाडीला जायचं आणि सांगायचं, रोल फुकट गेला, पुन्हा बसा. बायकांनी काही त्याला खाल्लं नसतं. पण मग महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, बैठकीत, ती पट्टी टेबलावर ठेवावी लागली असती, आणि वर्गाच्या दारात मल्लेशचं तोरण अजून लोंबत होतं. सोमवारी तो कामावर गेला. मंगळवारी ओव्हरटाइम निघाला. बुधवारी जाऊ म्हणता म्हणता बुधवार गेला. गुरुवारी संध्याकाळी बाळासो सर रस्त्यात भेटले आणि त्यांनी सहज विचारलं, पाकीट पोचलं का रे?

"पोचलं की, सर."

खोटं बोलायला माणसाला काळीज लागतं म्हणतात. कसलं काय. सायकलवरून पाय खाली टेकवायला लागतो तेवढाच वेळ लागला.

मार्चच्या बैठकीत त्यानं सांगितलं की निगेटिव्हही फोटोंबरोबरच देऊन टाकली, कचेरीला जादा प्रती लागल्या तर असू दे म्हणून. कुणी काही विचारलं नाही. विचारणारा माणूस मंडळात एकच होता, आणि तोच सांगत होता.

पंधरा दिवसांत अर्ज परत आले. प्रत्येकावर लाल शाईनं 'फोटो नाही'. बातमी कळली तशी मंडळी खवळली. लिही गुरू, असं बाळासो सर म्हणाले, आणि त्यानं लिहिलं. सगळ्यांनी ते खरं मानलं, कारण ती कचेरी होतीच तसली. जिवंत म्हातारीला कागदावर मारून तिच्याकडनंच जिवंतपणाचा दाखला मागणारी. अशा कचेरीनं चौतीस फोटो हरवले यात नवल ते काय? कचेरीच्या बदनामीच्या सावलीला गुरुसिद्ध निवांत बसला. आणि लाजेनं मान खाली जावी अशी गोष्ट पुढंच आहे. पत्र लिहिताना त्याला खरोखरचा राग आला होता. उंदरांचं वाक्य सुचलं तेव्हा तो एकटाच हसला होता.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी मंडळ पुन्हा माळवाडीला गेलं. कचेरीनं मुदत वाढवून दिली होती. या खेपेला कॅमेरा मल्लेशचा. गुरुसिद्धनं आपण होऊन चादर धरायचं काम घेतलं, म्हणजे चादरीच्या मागं राहता येत होतं. पण शालूबाई खुर्चीवर बसायच्या आधी वळली आणि चादरीच्या कडेनं आत डोकावली.

"लेकरा, माझा पयला फोटू कसा आलता रं?"

"झ्याक आलता, आक्का."

"म्हंजी कसा?"

"हसत हुतीस की गालातल्या गालात."

शालूबाईनं त्याच्याकडं बघितलं. रागानं नाही, नुसतं बघितलं.

"मी तर व्हट गच्च मिटून बसलीवती," ती म्हणाली. "फुडचं दोन दात न्हाईत म्हणून. मग ती दुसरीच कोण तरी आसंल."

आणि खुर्चीवर जाऊन बसली. मल्लेशनं कॅमेऱ्यावरची मान वर केली. चादरीकडं एकदा बघितलं. मग लिव्हर ओढली, डावीकडं नजर टाकली आणि कुणाकडंही न बघता म्हणाला, "गुंडी फिरतीय." गुरुसिद्धच्या हातातली चादर खाली आली, त्यानं ती परत वर धरली. परतीच्या एसटीत मल्लेश त्याच्या शेजारी बसला, शेंगा पुढं केल्या, आणि त्या विषयावर अवाक्षर काढलं नाही. त्यापेक्षा त्यानं मुस्काडीत मारली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या रविवारच्या बैठकीत बाळासो सरांनी कचेरीचं उत्तर वाचून दाखवलं. चौकशीअंती संबंधित कर्मचाऱ्यास कामावरून कमी करण्यात आले आहे. वर्गात टाळ्या पडल्या. मंडळानं कचेरी वाकवली, असं कुणीतरी म्हणालं. संबंधित कर्मचारी म्हणजे कोण, त्याचं नाव काय, हे कुणीही विचारलं नाही. गुरुसिद्धनंही टाळ्या वाजवल्या. नाहीतर लोकांनी बघितलं असतं.

मे महिन्यातल्या बैठकीला दारात एक माणूस उभा राहिला. पंचेचाळिशीचा, पांढरा पायजमा, हातात वायरची पिशवी. नवा सभासद असेल असं सगळ्यांना वाटलं.

"या पावणं," बाळासो सर म्हणाले. "कॅमेरा कंचा हाय?"

"कॅमेरा न्हाय. मी आकाराम. आवक टेबलाव शिक्का मारायला हुतो." त्यानं पायातल्या चपला दाराबाहेर काढल्या. "तुमच्या पत्रातला उंदीर मीच."

कुणी हसलं नाही. बसा म्हणाले तरी तो बसला नाही. भांडायला आलेलो नाही, हे त्यानं आधी सांगितलं. अकरा वर्षं तो तिथं रोजंदारीवर होता. कायम होणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव वर गेलं होतं आणि तेवढ्यात हे झालं. साहेबांना कुणीतरी एक माणूस दाखवायचा होता. त्यानंतर चार दिवस त्यानं स्वतःहून कचेरीत जाऊन कपाटं उपसली होती, चटयांखाली बघितलं होतं, रद्दीवाल्याच्या गोदामात जाऊन गठ्ठे सोडले होते. पाकीट मिळालं नाही.

"बायकू म्हणती, तुमचं आलीकडं ध्यान ऱ्हात न्हाय," आकाराम म्हणाला. "आसंल. तुमच्यासारखी शिकली-सवरलेली माणसं छापून सांगत्यात म्हंजे तुमी दिलंच आसणार. पर मला कायबी आठवंना झालंय. रातध्याड डोस्कं खाजवतोय. म्हणून इचारायला आलो. पाकीट कंच्या रंगाचं हुतं? कुठल्या अंगाला ठेवलं हुतं? तेवढं सांगितलं तर परत हुडकीन."

सगळ्यांनी गुरुसिद्धकडं बघितलं. मल्लेश तेवढा खिडकीबाहेर बघत होता.

खाकी, हा शब्द गुरुसिद्धच्या जिभेवर तयार होता. खाकी, आणि टेबलाच्या डाव्या बाजूला. एवढं म्हटलं असतं तर तो माणूस मान हलवून गेला असता आणि जन्मभर आपल्याच डोक्याला दोष देत राहिला असता. आकाराम त्याच्या तोंडाकडं बघत होता. वैद्याच्या तोंडाकडं बघावं तसा, भरवशानं.

"पाकीट नव्हतं," गुरुसिद्ध म्हणाला.

चेष्टा करतोस व्हय, असं मागनं कुणीतरी म्हणालं. मग त्यानं सगळं सांगितलं. रोल भरताना काय झालं, गुरुवारी सरांना काय सांगितलं, पत्र कसं लिहिलं. सांगताना त्याच्या लक्षात आलं की आपला आवाज नेहमीसारखा चढत नाही. शब्दही सुचत नव्हते. बाळासो सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चहाच्या गाड्यावर पत्र वाचून दाखवणारे दोघेतिघे फरशीकडं बघत बसले. मल्लेशनं मान वळवली, पण त्याच्या चेहऱ्यावर कसलाही आनंद नव्हता.

"म्हंजी मी हरवलं न्हाय," आकाराम म्हणाला.

"न्हाय."

"मी इसारलोबी न्हाय."

"न्हाय."

तेव्हा तो बाकावर बसला. खांद्यावरच्या टॉवेलनं त्यानं तोंड पुसलं, परत पुसलं. मग बाळासो सरांनी घसा खाकरला. झालं ते वाईट झालं, पण घाई करायला नको, असं ते म्हणू लागले. मंडळाचं नाव आहे, गुरूची नोकरी आहे, पेपरवाले तमाशा करतील, एखाद्या वकिलाला विचारू, दोन दिवसांनी शांतपणे बसू. सर चांगले होते. ती चांगुलपणाची भाषा ऐकताना गुरुसिद्धला कळलं की आपल्याला ती हवीहवीशी वाटतेय. तो आकारामकडं वळला आणि म्हणाला की मी पत्र लिहितो, आजच लिहितो, सगळं कबूल करून.

आकाराम उठला. दाराशी गेला, चपला पायात घातल्या आणि तिथनंच वळला.

"पत्र नगं," तो म्हणाला. "तुमी लिवता झ्याक, पर तुमच्या लिवण्यानंच माझं घर बसलं. उद्या सोमवार हाय. साहेब धा वाजता येत्यात. हितं बोलला तसंच, माझ्या शेजारी हुभं ऱ्हाऊन त्यास्नी तोंडानं सांगायचं. मला दुसरं काय नगं. येताय का न्हाय?"

गुरुसिद्धनं सरांकडं बघितलं.

"त्यांच्याकडं नगा बघू," आकाराम म्हणाला. "मी तुमास्नी इचारतोय. येताय का न्हाय?"