डाव्या डोळ्यातला समुद्र

उजव्या डोळ्याच्या मोतीबिंदूची पट्टी निघाली तशी आत्या खिडकीशी गेली. एकदा हा डोळा मिटून, एकदा तो मिटून तिनं बाहेर पाहिलं.

"अगं, समुद्र दोन आहेत!"

औषधांच्या दुकानातून निवृत्त झाल्यावर आत्यानं जलरंग हाती घेतले होते. चित्र एकच : खिडकीतून दिसणारा किनारा, मावळता सूर्य, वाळूवर ओढलेल्या होड्या. मी तिची भाची, तिच्याकडेच राहते. आमच्या घरात प्यायच्या पाण्याचा पेला कोणता आणि ब्रश बुचकळायचा कोणता, हे नीट बघूनच उचलावं लागतं.

"उजव्यानं आकाश जांभळट दिसतंय. डाव्यानं चहा सांडल्यासारखं."

"डाव्यात मोतीबिंदू आहे अजून. पुढच्या आठवड्यात तोही निघेल."

"म्हणजे तो समुद्र कायमचा जाणार! आधी काढून ठेवते."

एका संध्याकाळी तिनं डावा डोळा रुमालानं झाकून चित्र काढलं, दुसऱ्या संध्याकाळी उजवा. दोन्ही चित्रं टेबलावर शेजारी ठेवली आणि आम्ही बघतच राहिलो. एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं, इतकी सारखी!

"आता डोळा खोटं बोलतोय की हात?" आत्या म्हणाली. ताटातलं जेवण गार झालं, तरी तिचं लक्ष चित्रांतच. मध्येच तिनं एक कोरा कागद उचलला, आळीपाळीनं डोळे मिटले आणि टेबलावर थाप मारली.

"हा कागदसुद्धा डाव्यानं पिवळाच दिसतोय! समुद्र पिवळा, कागद पिवळा, रंगही पिवळे. मग फरक पडणार कुठून? पांढरी होडी दिसली की मी कागद कोरा सोडला, झालं."

"मग तो समुद्र काढताच येणार नाही?"

"का नाही? बघायचं डाव्यानं, रंगवायचं उजव्यानं."

तिसऱ्या संध्याकाळी ती तशीच बसली. डाव्यानं समुद्र, मान खाली, उजव्यानं कागद, पुन्हा मान वर. शेजारच्या गॅलरीतल्या काकांना वाटलं, बाई डोळे मारतेय. ते घाईघाईनं आत गेले. पांढऱ्या होडीपाशी मात्र आत्या अडखळली. मग मोहरीसारखा पिवळा कालवून तिनं अख्खी होडी भरून टाकली.

वाळल्यावर मी चित्र हातात घेतलं. निळा कुठंच नव्हता. सूर्याला कड नव्हती. होड्या धुरात बसल्यासारख्या.

"तुला असं दिसत होतं? इतके दिवस?"

"मला कुठं माहीत होतं? वाटायचं, संध्याकाळ अशीच असते."

मी त्या धुरकट होड्यांवरून बोट फिरवत राहिले. तिला मात्र कोडं सुटल्याचा आनंद मावत नव्हता.

दुसरं ऑपरेशन ठरल्या दिवशी नीट पार पडलं. तपासणीला जाताना आत्यानं ते चित्र बरोबर नेलं. डॉक्टरांनी ते खिडकीच्या उजेडात धरलं, जवळ नेलं, लांब केलं.

"पेशंट नुसतं 'धुरकट दिसतं' म्हणतात," ते म्हणाले, "पण धुरकट म्हणजे काय, हे आज पाहिलं." मग खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. "आजी, यात सूर्य नेमका कुठं संपतो?"

"तेच तर मला कधी कळलं नाही," आत्या म्हणाली आणि दोघं चित्रावर वाकले.