बासुंदीच्या पिसवा

बासुंदीइतकी घरकोंबडी मांजर अख्ख्या रियाधमध्ये नसेल. दार उघडलं की ही पांढरीशुभ्र बाई सोफ्याखाली दडायची. उल्हास भल्या सकाळी अल खर्जच्या डेअरीत हिशेब सांभाळायला गेला की दिवसभर वीणाशी बोलायला तीच एक. म्हणून तिच्या अंगावर पिसवा दिसल्या तेव्हा वीणाला रडूच कोसळलं.

उल्हासला मात्र निमित्तच मिळालं. "तरी मी म्हणत होतो!" पोटऱ्या खाजवत तो कडाडला. "शुक्रवारी हिला कुणाला तरी देऊन टाक. खलास!"

"अहो, ती उंबरा ओलांडत नाही. पिसवा काय व्हिसा काढून आल्या?" वीणा म्हणाली. "आधी डॉक्टरांना दाखवू. त्यांनीही हिचाच दोष काढला, तर मी ब्र काढणार नाही."

गुरुवारी अर्ध्या दिवसाचं काम आटपून उल्हास कामाच्याच कपड्यांत दोघींना घेऊन गेला. डॉक्टर वहाब हैदराबादचे. त्यांनी बारीक फणी फिरवली, शेपटीखाली चिकटलेले तांदळासारखे दाणे दाखवले.

"पेट में कीड़े भी हैं. अंग चाटते-चाटते पिस्सू निगल गई, बिचारी."

जीभ पोचू नये म्हणून त्यांनी मानगुटीवर थेंब सोडले, जंतांची गोळी चारली. "घर में रहने वाली को भी दवा पाबंदी से, हर महीने देना. पिस्सू लोगां के कपड़ों पे बैठके आते."

बोलता बोलता त्यांची नजर उल्हासच्या पँटवर गेली. चिमट्यानं त्यांनी एक केस उचलला. चांगला केशरी.

वीणानं पांढऱ्या बासुंदीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"अहो, ही दुसरी कोण?"

उल्हासचे कान लाल झाले. "ऑफिसमागं असते. डबा उघडला की मांडीवर येऊन बसते. जिलबी."

"नावसुद्धा ठेवलंत!"

चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघालेला हा माणूस आता खाली मान घालून उभा होता. खरं तर वीणाला रागवायचं होतं, पण हसूच आवरेना. घरी मांजरांच्या नावानं बोटं मोडणारा आपला नवरा रोज दुपारी डब्यातली पोळी वाटून खातो, हे तिला फारच आवडलं.

"डॉक्टरसाब, दो बिल्ली की दवा देना," ती म्हणाली. मग उल्हासकडे वळली. "शुक्रवारी मांजर कुणाला तरी देऊन टाकायची होती ना? जिलबी मला द्या."