जावयाचं नाव

मैलापूरच्या अन्नपूर्णाबाईंनी उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव कधी तोंडानं घेतलं नव्हतं, की हातानं लिहिलं नव्हतं. सकाळी तुळशीला पाणी, तिन्हीसांजेला दिवा, तसाच तोही त्यांचा नेम. आणि लेकीनं, भवानीनं, नवरा केला तो नेमका त्याच नावाचा. राममूर्ती.

तो जातीनं मुदलियार. पण त्या काळी मद्रासेत कितीतरी तरुणांनी नावामागची जात टाकून दिली, तशी यानंही टाकलेली. भवानी शाळेत शिकवायची, तिथं तिचं माहेरचं ‘राव’ तसंच राहिलं. तेव्हा ती भवानी राव आणि तो नुसता राममूर्ती. रजिस्टर लग्न झाल्यापासून तिच्या वडिलांनी त्या घराचा विषय काढला नव्हता. पत्रं लिहायच्या त्या अन्नपूर्णाबाईच, आणि कव्हरावर लेकीचं एकटीचंच नाव घालायच्या.

भवानीला दिवस गेले. सातव्या महिन्यात ओटी भरायची, तर बोलावणं दोघांनाही हवं. जावयाला वगळून कसं चालेल?

शेजारची अलमेलू खुदकन हसली. "मामी, देवानं तुमची बरी थट्टा केली! आणा इकडे, मी लिहून देते."

"ओटीचं बोलावणं परक्या हातानं? नको गं बाई."

"मग मुदलियार लिहा. श्री. मुदलियार. मान दिल्यासारखंही होईल."

बाईंना ते पटलं. ‘श्री. मुदलियार व सौ. भवानी राव’ असं त्यांनी रेखून लिहिलं, कोपऱ्यांना हळद लावली आणि टपालाच्या पेटीत टाकून आल्या. त्या रात्री त्यांना शांत झोप लागली.

चार दिवसांनी भवानी एकटीच आली. अवघडलेली, घामानं भिजलेली. पाट मांडला तरी बसली नाही.

"अम्मा, ते नाव टाकलं म्हणून त्यांच्या घरच्यांनी त्यांना उंबऱ्याबाहेर काढलं. आणि तू तेच कव्हरावर लिहिलंस?"

"मान म्हणून लिहिलं गं, राजा."

"इतके दिवस नुसतं माझं नाव यायचं. ते म्हणायचे, असू दे, सवय होईल त्यांना. आता म्हणतात, अजून मी जातीनंच ओळखला जातो." तिनं पदरानं कपाळावरचा घाम पुसला. "दोघांची नावं वेगळी, तर दोन्ही लिही. त्यांचं आणि माझं. मग दोघं येऊ."

"भवानी, तुला ठाऊक आहे ना माझं..."

"लिहायला तोंड लागतं का, अम्मा? यांना भिलाईला नोकरी लागली आहे. केव्हाही निघू आम्ही."

पाणीही न घेता ती गेली.

अन्नपूर्णाबाई रोज कव्हर घेऊन देवापुढे बसायच्या. लेखणी उचलायच्या, खाली ठेवायच्या. नवऱ्याच्या आयुष्याला काही झालं तर? शुक्रवार गेला, सोमवार गेला, एकादशी गेली. शेवटी एका सकाळी मंगळसूत्र डोळ्यांना लावून त्यांनी ते नाव लिहिलं. अक्षर वाकडंतिकडं आलं, तरी पुन्हा न लिहिता तसंच ते टपालाच्या पेटीत टाकून आल्या.

ओटीच्या दिवशी दोन पाट मांडले. खण, नारळ, तांदूळ सुपात ठेवले. अलमेलू दोनदा डोकावून गेली. दुपार कलली. अंगणात सायकलची घंटा वाजली, ती पोस्टमनची.

नवऱ्यानं बाहेरून आणलं ते अन्नपूर्णाबाईंनी पाठवलेलंच कव्हर होतं. राहणारी माणसं घर सोडून गेली, असा शेरा त्यावर होता.

राममूर्तीराव उभ्याउभ्याच ते न्याहाळत राहिले. आपलं नाव बायकोच्या हातचं ते पहिल्यांदाच बघत होते.

"तू लिहिलंस?"

अन्नपूर्णाबाईंनी होकारानं मान हलवली.

"मला का नाही सांगितलंस? मी लिहिलं असतं."

"तुम्ही... तुम्ही तर तिचं नावही काढत नव्हता."

"तूही काढलं नाहीस माझ्यासमोर. मला वाटलं, तुलाच तो विषय नको आहे." ते भिंतीला टेकून बसले. "एकदा विचारायचं होतंस गं."

भिलाईचा पत्ता दोघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हता.

संध्याकाळी अन्नपूर्णाबाईंनी दिवा लावला. पाट उचलले, तांदूळ डब्यात ओतले, खणाची घडी केली. नारळ मात्र हातातच राहिला. लेकीच्या ओटीचा नारळ देवापुढे ठेवावा की फोडावा, त्यांना कळेना, आणि विचारावं तरी कुणाला, तेही सुचेना.