दातांचा मणी

जळगावात राहायचं आणि माहेरी लंकेची पार्वती होऊन जायचं, याची कामिनीला फार लाज वाटायची. सोनं घ्यायला अख्खा खान्देश जळगावला येतो आणि ही बाई तिथलीच असून शिंदखेड्याला कानबाईच्या सणाला नुसत्या मंगळसूत्रावर जायची. गेल्या श्रावणात चुलतबहीण सारिका सगळ्यांदेखत हसली होती, ‘‘काय गं, जळगावच्या सोनारांनी तुला वाळीत टाकलंय का?’’ आता थट्टेतलं बोलणं थट्टेत सोडून द्यावं की नाही? पण छे! कामिनीने ते वर्षभर मनात धरून ठेवलं.

म्हणून यंदा तिने शेजारच्या ज्योत्स्नाकडे बोरमाळ मागितली. ज्योत्स्ना मूळची फैजपूरची, हिची जिवाभावाची मैत्रीण. माळ तिच्या आईची. आई वारल्यापासून ज्योत्स्नाला तो डबा उघडवत नव्हता. तिने तो कपाटातून काढला, थोडा वेळ हातातच धरला आणि मग दिला.

‘‘जपून हं कामिनी. आईची आहे.’’

‘‘अगं, मी काय परकी आहे का?’’ असं म्हणत कामिनी आरशासमोर उभीसुद्धा राहिली होती.

शिंदखेड्याचं घर भाऊबंदांनी भरलेलं होतं. चुलीवर रोट भाजले जात होते, चौरंगावर कानबाईच्या नारळाला डोळे-नाक रेखून नथ घालायचं चाललं होतं. कामिनीने उंबरा ओलांडला आणि सारिकाची नजर तिच्या गळ्यावरच थांबली. झालं! कामिनी पदर सावरायच्या निमित्ताने घरभर मिरवू लागली.

घरात सगळ्यांत मोठी भिकुबाई काकू. तिने कामिनीला जवळ बोलावून माळेला हात लावला. ‘‘कोनी शे व पोरी?’’

खरं सांगायला काय लागत होतं? मैत्रिणीची आहे, एवढंच. पण सारिका कान टवकारून बसली होती.

‘‘माझीच,’’ कामिनी म्हणाली.

म्हातारीचे डोळे भरून आले. त्या घरात एक जुनी रीत होती. सुनेला मूल होत नसेल, तर सख्ख्या नणंदेने आपलं सोनं कानबाईला घालावं आणि त्यातला एक मणी तोडून सुनेच्या ओटीत टाकावा. सोनं मात्र तिचं स्वतःचं हवं. कामिनीचा भाऊ प्रेमराज, त्याची बायको हेमांगी. दवाखाने झाले, उपासतापास झाले, पण पाळणा हलला नव्हता. मंगळसूत्र काही तोडता येत नाही, आणि कामिनीकडे दुसरं होतं काय! म्हणून त्या रीतीचं नाव आजवर कोणी काढलं नव्हतं.

‘‘आते मन्हा जीवले बरं वाटनं,’’ असं म्हणत काकूने कात्री मागितली.

बोल गं बाई, आता तरी बोल! पण समोर हेमांगी पदर पसरून बसली होती, बाजूला सारिका बघत होती, आणि कामिनीने माळ काढून काकूच्या हातात दिली. काकूने ती आधी कानबाईला घातली, मग दोरा कापला. एक मणी हेमांगीच्या ओटीत पडला. हेमांगी रडत रडत कामिनीच्या पाया पडली.

जळगावला परतल्यावर कामिनीने तसाच मणी सोनाराकडून घडवून घेतला, माळ पुन्हा ओवून घेतली आणि डबा नेऊन दिला. ज्योत्स्नाने तो न उघडताच कपाटात ठेवला. मैत्रिणीवर कोण संशय घेतो? कामिनीला वाटलं, निभावलं.

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला ज्योत्स्नाने माळ बाहेर काढली आणि पूजा तशीच टाकून ती कामिनीच्या दारात आली.

‘‘दातांचा मणी कुठाय?’’

‘‘कसले दात?’’

‘‘माझे. लहानपणी दात येताना मी आईच्या मांडीवर बसून ही माळ चावायचे. एका मण्यावर वण राहिले होते. आईने तो कधी बदलू दिला नाही. कुठाय तो?’’

मग मात्र कामिनी रडली आणि सगळं सांगून बसली. ज्योत्स्नाने आरडाओरडा केला असता तर परवडलं असतं. तिने माळ पदरात गुंडाळली.

‘‘तुझा नवा मणी तुला परत देते. मला तो आणून दे. नाहीतर माझ्याशी बोलू नकोस.’’

दुसऱ्याच दिवशी कामिनी शिंदखेड्याच्या बसमध्ये बसली. वाटभर तिने एकच वाक्य घोकलं, हेमांगी, माळ माझी नव्हती गं. माझं चुकलं.

हेमांगीने दार उघडलं. मणी तिच्या गळ्यात होता, काळ्या दोऱ्यात. कामिनीने तोंड उघडायच्या आत तिने तिला हाताला धरून आत नेलं.

‘‘अक्का, बरं झालं आलात! तिसरा महिना लागलाय. बाहेर अजून कोणाला सांगितलं नाही. तुमच्या सोन्याने केलं हो हे, तुमच्या हाताचंच यश.’’

हेमांगीने तिला खाटेवर बसवलं.

‘‘आणि हे पाहिलंत का?’’ हेमांगीने मणी पुढे धरला. ‘‘बारीक बारीक दात उमटलेत. रोज रात्री यावर बोट ठेवूनच झोपते मी. तुमच्या छोट्या भूषणचे ना हो? माळ घेतल्या घेतल्या चावला असेल लबाड.’’

घोकलेलं वाक्य ओठांवर आलं होतं. हेमांगी इतकी खुशीत बघत होती की कामिनीला ते पुढे रेटवेना. आणि खरं सांगायचं तर आपण खोटं बोललो हे या घराला कळेल, याची भीतीही गेलेली नव्हती. त्या घडीला कोणती गोष्ट जड होती, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

‘‘हो,’’ ती म्हणाली. ‘‘भूषणचे.’’

तेवढ्यात पर्समधला फोन वाजला. ज्योत्स्नाचं नाव दिसत होतं. कामिनीने फोन मांडीवर पालथा ठेवला.

‘‘घ्या ना अक्का. कोणाचा आहे?’’

‘‘कोणाचा नाही गं,’’ कामिनी म्हणाली आणि तिने फोन बंद करून टाकला.